मुलगा सारखा "माझ्या हातात काय आहे" म्हणतो, घरामुळे होतं का असं?

दापोलीची_सून:
मुलगा सहावीत आहे. डोकं चांगलंय, पण हल्ली मार्क कमी पडले की बाईंनी पेपरच अवघड काढला, कबड्डीच्या टीममध्ये नाव नाही आलं की सरांचे लाडके आधीच ठरलेले असतात, आणि परवा गणितात चांगले पडले तर म्हणे नशीब होतं म्हणून! हे शेवटचं मला जास्त खटकलं. घर एकत्र, सासूबाई, दीर-जाऊ. हे मुंबईला नोकरीला, गणपती, शिमगा आणि मे महिन्यातच येणं, त्यामुळे क्लास कुठला लावायचा, शाळेत सायकलने जायचं की नाही, सगळं फोनवर ठरतं. आणि फोनवर आलेलं "नाही" आजी संध्याकाळपर्यंत "हो" करून देते. वर घरात चोवीस तास बोलणं काय, तर मोहोर गळला, दलालाने भाव पाडला, देवाने कौल दिला नाही. ह्याचा खरंच संबंध असतो की वयच तसं?

रत्नांग्री_ताई:
संबंध असतो. ज्युलियन रॉटर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1966 मध्ये ह्यावर प्रश्नावली काढली, आपल्या आयुष्यात जे घडतं ते आपल्या करण्याने घडतं असं माणसाला वाटतं, की नशिबाने आणि दुसऱ्यांमुळे. मुलांसाठी नोविकी आणि स्ट्रिकलँडने 1973 ला वेगळी केली, 40 प्रश्न, हो किंवा नाही. घरात माया आहे, नियम रोज बदलत नाहीत आणि वयानुसार थोडं ठरवायला मिळतं, अशी मुलं "माझ्यामुळे झालं" कडे जास्त झुकतात. अति जपणूक किंवा अति धाक असला की उलट. अर्थात हे एका बाजूनेच चालतं असं नाही, जे पोर काहीच ठरवत नाही त्याच्यासाठी घरचे अजून ठरवत बसतात.

तुमच्या पोस्टमध्ये मला मोहोरापेक्षा ते "नाही"चं "हो" जास्त महत्त्वाचं वाटलं. त्याने काय केलं ह्याच्याशी निकालाचा संबंधच नाही, आजी कधी मूडमध्ये आहे ह्याच्याशी आहे. मग तो नशीबच म्हणणार ना.

अजून एक, सेलिगमन आणि मायर ह्यांनी 1967 मध्ये कुत्र्यांवर प्रयोग करून म्हटलेलं की हतबलता शिकली जाते. 2016 ला त्यांनी स्वतःच ते फिरवलं. संकट लांबलं की गप्प पडून राहणं हे मुळातलंच, आपल्या करण्याने फरक पडतो हे मात्र शिकावं लागतं. म्हणजे त्याला तशी संधीच मिळाली नसेल तर तो शिकणार कुठून?

हापूसवाला:
ताई, सगळं पटलं पण बागायतदाराचं बोलणं म्हणजे रडगाणं असं समजू नका हो. 3 जून 2020 ला निसर्ग वादळात तुमच्याच दापोलीत आजोबांच्या हातची झाडं एका दुपारीत आडवी झाली, तिथे "माझ्या हातात आहे" काय म्हणणार? खोटं कशाला शिकवायचं. पाऊस आपल्या हातात नाही, फवारणी वेळेवर करणं आहे. पोराला बागेत न्या, पेट्या भरताना डाग पडलेला आंबा बाजूला काढायचं काम त्यालाच द्या आणि मागून परत तपासू नका, हे शेवटचं सगळ्यात कठीण.

मालवणी_माणूस:
कौल आमी पण लावतंव. पण रापणीची होडी पाण्यात घालूची की नाय ता रापणकार दर्याकडे बघूनच ठरवतत. देवाक कित्याक मधी आणतास!

दापोलीची_सून:
😄 देवाला नाही हो, सासूबाईंना घाबरते मी. ताई, सुरुवात कुठून करू? एकदम सगळं सोडलं तर घरात महाभारत होईल.

रत्नांग्री_ताई:
एकच गोष्ट घ्या. सायकल घ्या. कधी निघायचं, पंक्चर झालं तर काय, उशीर झाला तर बाईंना काय सांगायचं, सगळं त्याचं. उशीर झाला तर शाळेत फोन करायचा नाही. आणि मार्क चांगले पडले की "हुशार आहेस" म्हणून सोडू नका, गणिताचा अभ्यास ह्या वेळी कसा केलास ते विचारा, त्याच्याच तोंडून येऊ दे.

दापोलीची_सून:
बरं. ह्यांना रात्री फोनवर सांगते की सायकलचं आता त्याला विचारा, मला नको. सासूबाईंना कोण सांगणार ते मात्र अजून ठरलेलं नाही.