मदत हवी आहे: डब्यातले चिनी चांदीचे डॉलर, खरे कुठले आणि बनावट कुठले?

आंबोळी

नमस्कार मंडळी. नाण्यांतलं मला ओ की ठो कळत नाही, म्हणून जाणकारांना हाक मारतेय.

आईचे आजोबा रत्नागिरीकडचे, बोटीवर खलाशी. हाँगकाँग-शांघायच्या फेऱ्या व्हायच्या. त्यांनी आणलेली चांदीची नाणी आजीने डब्यात जपली. पुढे मामा हाँगकाँगला गेला तेव्हा कॅट स्ट्रीटच्या जुन्या वस्तूंच्या बाजारातून "जोडीला असू देत" म्हणून आणखी घेऊन आला आणि त्याच डब्यात टाकली. कुठलं कोणाचं, हे आता त्यालाही आठवत नाही. मावशीला विकायची आहेत, मामाला नाहीत. डबा सध्या माझ्याकडे.

ओळखीच्या पेढीवर नेली. त्यांनी कसोटीवर घासून तीन चांदीची, एक नाही, असं सांगितलं. मोडीत द्यायची तर वजनावर घेऊ म्हणाले.

१) मिशीवाला लष्करी माणूस, मागे धान्याच्या लोंब्या. अ‍ॅप म्हणतं 'प्रजासत्ताकाचं ३रं वर्ष'. २६.५ ग्रॅम.
२) तोच माणूस, तेच वर्ष, पण चेहऱ्याच्या उजवीकडे कडेला बारीक इंग्रजी अक्षरांत 'एल. जॉर्जी'. २६.८ ग्रॅम.
३) शिडाचं जहाज, वर तीन पक्षी, बाजूला सूर्य. २२.९ ग्रॅम. पेढीवाले चांदी नाही म्हणाले ते हेच. चुंबक मात्र चिकटत नाही.
४) त्रिशूळ घेतलेली बाई, १९११. मागे चिनी नक्षी. २६.९ ग्रॅम. अंगावर दोन-तीन ठोकल्याच्या खुणा, त्यामुळे मावशीच्या मते हे 'खराब'.

तीन चांदीची म्हणजे तीन अस्सल, असं धरायचं का? फोटो रात्री डकवते.

तोळामासा

नाही धरायचं. पेढीवाल्याने धातू सांगितला, नाणं नाही. चांदीत पाडलेली बनावट नाणी ढिगाने आहेत. आणि ताई, कृपा करून आणखी कुठे कसोटीवर घासू देऊ नका, तो ओरखडा कायमचा राहतो. चिंच, राख, टूथपेस्ट यातलं काहीही लावू नका.

मिशीवाला म्हणजे युआन शिकाई, चीनचा तेव्हाचा राष्ट्राध्यक्ष. हा डॉलर १९१४ला सुरू झाला (चिनी प्रजासत्ताकाच्या वर्षात १९११ मिळवायचे, म्हणजे ३रं वर्ष १९१४). चांदी ८९ टक्के, व्यास ३९ मिमीच्या आसपास. डोक्यावरची चिनी अक्षरं मोजा. ३ऱ्या वर्षाच्या नाण्यावर सहा हवीत. ८, ९ आणि १० या वर्षांच्या नाण्यांवर सात असतात. सालाचा आणि अक्षरांचा मेळ न बसणारे नग बाजारात सर्रास फिरतात.

२ नंबरचं वाचून मात्र भुवया उंचावल्या. लुइजी जॉर्जी हा त्यावेळी चीनमधल्या तिएनत्सिनच्या टाकसाळीतला इटालियन कोरीवकाम करणारा. त्याची सही फक्त नमुन्यादाखल पाडलेल्या नाण्यांवर आहे, चलनातल्या नाण्यांवर नाही. खरा सहीवाला नग लिलावात गाजावाजा करून विकला जातो. फुटपाथवरच्या टोपलीत तो मामांची वाट बघत बसलेला नसतो.

३ नंबर झिजून हलकं झालं असेल, असं कोणी म्हटलं तर ऐकू नका. हा डॉलर २६.७ ग्रॅमचा. झिजून चार ग्रॅम जायचे तर जहाजच पुसलं गेलं असतं.

घरी एक करून बघा. ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा घ्या. त्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणा. नाणं बारीक दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला वा कडेला टेकू देऊ नका. बुडबुडे झटका. काटा जो आकडा दाखवेल त्याने कोरड्या वजनाला भागा. या प्रतीच्या चांदीला १०.३च्या आसपास यायला हवं. तांबं-निकेलला ८.९, पितळेला त्याहून कमी. चुंबक लोखंड, शुद्ध निकेल असे थोडेच धातू पकडतो. तांबं, पितळ, तांबं-निकेलचा मिश्रधातू हे सगळे त्याच्या हातून सुटतात.

शेंगदाणा

फुंकर मारून कानाशी धरायचं राहिलं! चिनी सिनेमात असतं ते.

तोळामासा

@शेंगदाणा, सिनेमातच नाही, खरंच करत. मधोमध दोन नखांत धरायचं, कडेवर जोरात फुंकायचं, लगेच कानाशी न्यायचं. चांदी बारीक, लांबत जाणारा नाद देते. पण बनावट चांदीही नाद देते, तेव्हा अडचण तीच.

पूर्वेचा वारा

मी नोकरीनिमित्त हाँगकाँगमध्ये असतो. ४ नंबर नीट सांभाळा. तो ब्रिटिश व्यापारी डॉलर, पूर्वेकडच्या बंदरांसाठी पाडलेला, आणि बहुतेक पाडला गेला आपल्या मुंबईच्या टाकसाळीत. त्रिशुळाच्या मधल्या टोकावर भिंगातून बघा, इवलंसं इंग्रजी 'बी' दिसायला हवं. मागे मधोमध दीर्घायुष्याचं चिनी चिन्ह, आणि 'एक डॉलर' चिनीत व अरबी लिपीतल्या मलयमध्ये. वजन २६.९५, चांदी ९० टक्के, तुमचा आकडा जुळतोय. १९११ला हे पाडलेही गेले. १९०५, १९०६ किंवा १९१४ ते १९२० यातलं, म्हणजे ते पाडलेच न गेलेलं साल दिसलं असतं तर पुढे बघायचीच गरज नव्हती.

मावशींना सांगा, त्या ठोकलेल्या खुणा म्हणजे चिनी व्यापारी नि सावकारांचे छाप. नाणं पारखून घेतलं की ते आपला छोटा ठसा मारत. काही संग्राहक मुद्दाम असेच नग शोधतात. फक्त छापाच्या खड्ड्याच्या कडा बघा. बाकी नाण्याइतक्याच झिजलेल्या, काळवंडलेल्या हव्यात. ताज्या, चकचकीत असतील तर छाप अलीकडे मारलाय.

पक्षीवाल्याची गोष्ट रंजक आहे. १९३१ला जपानने चीनचा मांचुरिया घेतला आणि १९३२ला हा डॉलर आला. लोकांना ते पक्षी जपानी विमानं वाटले आणि सूर्य जपानचा. मग १९३३-३४च्या नाण्यांवर दोन्ही गायब. पक्षीवाले फार थोडे बाहेर पडले, म्हणूनच नक्कल करणाऱ्यांचा त्यांच्यावर डोळा.

आंबोळी

सर्वांचे खूप आभार! काटा शेजारच्या काकांकडून आणला. आकडे:

१) २६.५२ भागिले २.५८ = १०.२८
२) २६.८१ भागिले २.६१ = १०.२७
३) २२.९४ भागिले २.५८ = ८.८९
४) २६.९० भागिले २.६१ = १०.३१

१ नंबरवर अक्षरं सहाच आहेत. ४वर 'बी' सापडला, छापांचे खड्डे आत काळे आहेत. २चं कोडं तसंच. वजन, चांदी सगळं बरोबर येतंय.

तोळामासा

३चा निकाल लागला, तांबं-निकेल. आता १ आणि २ शेजारी ठेवा. व्यास आणि जाडी मोजा, कानामागचे केस आणि मिशीचं टोक भिंगातून बघा, आणि कडेचे दाते पूर्ण फिरवून बघा.

आंबोळी

१चा व्यास ३९.१ मिमी, २चा ३८.६, पण २ जाड आहे. १चे केस झिजलेत तरी एकेक सुटा दिसतो. २चे केस झिजलेले नाहीत पण गिळगिळीत, एकात एक. मोकळ्या जागेत सुईने टोचल्यासारखी बारीक भोकं. कडेला दात्यांवरून आडवी एक रेघ जातेय, एका जागी कानशीने घासल्यासारखी.

तोळामासा

म्हणजे ओतीव. ती रेघ साच्याच्या दोन भागांची सांध, भोकं हवेची, आणि धातू थंड होताना आकसतो म्हणून व्यास कमी. खरं नाणं ठशाने दाबून पाडलेलं असतं, त्यात यातलं काही येत नाही. २ मामांच्या वाट्याला घाला, चांदीच्या भावाने हिशेब करा.

१ आणि ४ पणजोबांची असावीत असं वाटतं. तरी फोटोवरून छातीठोक शिक्का मारणार नाही. पुढच्या नाणे प्रदर्शनात एखाद्या जुन्या जाणकाराच्या हातात द्या.

पूर्वेचा वारा

कोणी परदेशी कंपनीकडे प्रमाणपत्रासाठी पाठवायला सांगितलं तर आधी चौकशी करा. १९७२च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांवरचं नाणं खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. सालं बघता तुमची दोन्ही त्यात बसतात. भारतातच पारखून घ्या, विकायचं तरी इथेच.