मदत हवी आहे : वॉर्सातील संस्कृती व विज्ञान प्रासाद

नमस्कार. पोलंडच्या राजधानीतील संस्कृती व विज्ञान प्रासादाच्या वास्तुशैलीवर मी लेख लिहीत असून त्यासाठी जाणकारांची मदत हवी आहे. सोव्हिएत संघाची भेट म्हणून १९५२ ते १९५५ या काळात उभारलेल्या, २३७ मीटर उंचीच्या या इमारतीला मॉस्कोतील गगनचुंबी इमारतींची नक्कल म्हणून मोडीत काढले जाते, ते मला अन्यायाचे वाटते. वास्तुविशारद लेव्ह रुदनेव्ह यांनी आराखड्यासाठी क्राकूव्ह, झामोश्च यांसारखी जुनी पोलिश शहरे पाहिली होती, आणि छताच्या कडेचे नक्षीदार कठडे तिथल्या प्रबोधनकालीन घरांवरून घेतलेले आहेत. दर्शनी भागातील एका पुतळ्याच्या हातातल्या पुस्तकावर मार्क्स, एंगेल्स, लेनिन ही नावे आजही आहेत. चौथे, स्टालिनचे नाव मात्र काढून टाकलेले आहे.

वॉर्सात राहिलेल्या किंवा शिकलेल्या कोणाकडे या कठड्यांची जवळून काढलेली छायाचित्रे आहेत का? तसेच प्रासादासाठी पाडलेल्या जुन्या वस्तीचे नकाशे कुठे पाहायला मिळतील, हे कोणी सांगू शकल्यास मी मनापासून ऋणी राहीन. छायाचित्रे लेखात वापरायची झाल्यास आधी आपली परवानगी घेईन आणि श्रेय आपल्याच नावाने देईन.