मदत हवी आहे: रिपोर्टमध्ये दोन्ही औषधांपुढे 'आर', तरी तीच दोन एकत्र का?

काळजीत: वडील आयसीयूत आहेत. कल्चर रिपोर्ट आला, जवळपास सगळ्या अँटिबायोटिक्सपुढे आर, म्हणजे रेझिस्टंट, जंतूवर चालत नाही. ॲझट्रिओनाम आर, सेफ्टाझिडिम-अविबॅक्टम पण आर, आणि आता नेमकी हीच दोन चालू केलीत! एकेकटं चालत नाही ते मिळून कसं चालेल? पटकन सांगा, संध्याकाळी डॉक्टरांना भेटायचंय.

रात्रपाळी: जंतू कुठला? सँपल रक्ताचं की लघवीचं? किडनीचं क्रिएटिनिन किती?

मधुमालती: आमच्या काकांना कोलिस्टिन आणि मेरोपेनेम दिलं, ठणठणीत आहेत. तेच मागा.

रात्रपाळी: एका पेशंटवरून कसं ठरवणार? 2018 च्या आयडा नावाच्या ट्रायलमध्ये नुसतं कोलिस्टिन आणि कोलिस्टिन-मेरोपेनेम यांत फरक दिसला नव्हता. शिवाय कोलिस्टिन किडनीला जड.

मधुमालती: त्यात बहुतेक पेशंट असिनेटोबॅक्टर या एकाच जंतूचे होते, सगळ्या जंतूंना एकच माप लावू नका.



काळजीत: रक्तात क्लेबसिएला न्यूमोनी, खाली 'एनडीएम' लिहिलंय. क्रिएटिनिन विचारतो.

रात्रपाळी: मग बरोबर दिलंय! एनडीएम हे जंतूचं एन्झाइम सेफ्टाझिडिम आणि मेरोपेनेमसुद्धा फोडतं, पण ॲझट्रिओनाम त्याला फोडता येत नाही. तरी आर येतं कारण त्याच जंतूकडे बहुतेक वेळा ईएसबीएलसारखी दुसरी एन्झाइम्सही असतात आणि ती ॲझट्रिओनामचा निकाल लावतात. अविबॅक्टम या दुसऱ्यांना अडवतं, मग मारायचं काम ॲझट्रिओनाम करतं. तुमच्याकडे अविबॅक्टम सेफ्टाझिडिमसोबतच्या व्हायलमधून देतायत, म्हणून ते अख्खं इंजेक्शन द्यावं लागतं. रिपोर्टमध्ये प्रत्येक औषध वेगळं तपासलेलं असतं, जोडी नाही. जोडीची टेस्ट लॅबला करता येते, विचारा.

जुनाखोकला: टीबीत पण पहिले 2 महिने चार औषधं असतात, जितकी जास्त तितकं बरं.

रात्रपाळी: नाही हो, टीबीत मुख्य कारण वेगळं, एकट्या औषधाला जंतू सरावू नयेत म्हणून. वाट्टेल ती जोडी चालत नाही. 1951 मध्ये छापलेल्या अभ्यासात न्यूमोकोकस जंतूच्या मेनिंजायटिसमध्ये (मेंदूच्या आवरणाचा संसर्ग) पेनिसिलिनला ऑरिओमायसिन हे दुसरं अँटिबायोटिक जोडलं तर नुसत्या पेनिसिलिनपेक्षा जास्त पेशंट दगावले होते. पेनिसिलिन वाढत्या जंतूंना मारतं आणि ऑरिओमायसिन वाढच थांबवतं.

काळजीत: सकाळी एकच बाटली लावलेली दिसली, दुसरी बऱ्याच वेळाने लावली. चालतं का असं?

रात्रपाळी: ही दोन एकाच वेळी द्यावीत असा सल्ला असतो. संध्याकाळपर्यंत थांबू नका, आत्ताच ड्यूटीवरच्या डॉक्टरांना विचारा, दोन्हींच्या वेळा काय ठरल्यात म्हणून.