इंग्रजीत विशेषनाम नेमकं ओळखायचं कसं?

पाचवीतली_आई:
मुलगी सेमीला आहे. कॅपिटल दिसलं की ती शब्दाला गोल करते. ‘डॉग्ज बार्क’मधल्या डॉग्जलाही केला! वर ‘द हिमालयाज’वरून वाद: शेवटी एस म्हणजे अनेकवचन, मग विशेषनाम कसं? परवा चाचणी आहे.

निवृत्त_मास्तर:
ताई, वाक्याच्या तोंडाचं कॅपिटल धरूच नका. तो शब्द वाक्याच्या मधे नेऊन लिहायला सांगा. डॉग्जचा डी लगेच लहान होतो, पुण्याचा पी कुठेही मोठाच. वार-महिने कॅपिटल, पण समर, विंटर हे ऋतू लहान. इथं पोरं हमखास गुण घालवतात.

आता हिमालयाज. विशेष की सामान्य हा एक प्रश्न, एक की अनेक हा दुसरा. दोन्ही वेगवेगळे विचारायचे. हिमालयाज विशेषनामही आहे आणि अनेकवचनीही. ‘द पाटील्स’ म्हणजे अख्खं पाटील कुटुंब, तेही तसंच. (आमच्या सोसायटीत निम्म्या पाट्यांवर त्या एसआधी अ‍ॅपॉस्ट्रॉफी लटकलेला असतो. बोलायची सोय नाही.) मात्र युनायटेड स्टेट्सला एस असूनही देश म्हणून क्रियापद ‘इज’ लागतं.

रात्रपाळी:
‘मदर’चं पण सांगा तिला. ‘माय मदर’मध्ये एम लहान, नुसती हाक मारली की मोठा.

पाचवीतली_आई:
मास्तर, डॉग्ज सुटला. आता विचारतेय, ‘सन’ला कॅपिटल का नाही, सूर्य तर एकच आहे!

निवृत्त_मास्तर:
खगोलशास्त्राच्या पुस्तकात देतात बरं का. एरवी लहानच. पोरगी हुशार आहे.