अनुभव धागा : लकडी पूल आणि तुम्ही

पानिपतानंतर, १७६१ मध्ये, नानासाहेब पेशव्यांनी परतणाऱ्या फौजेसाठी पुण्यात मुठेवर घाईघाईने लाकडी पूल बांधला, असं सांगतात. ते लाकूड केव्हाच गेलं. कागदोपत्री हा छत्रपती संभाजी पूल. पण रिक्षावाल्याला तसं सांगून बघा! असो. इतिहास पुस्तकात मिळतो. इथे पुलावर तुमचं काय घडलं ते लिहा.

नारायण पेठ, आता कोथरूड
१२ जुलै १९६१. सकाळी पानशेत फुटलं, मागोमाग खडकवासला. मी शाळकरी. नदीकडून लोक ओरडत येत होते, "लकडी पूल बुडाला!" आम्हाला ते खोटंच वाटलं. काका कामाला पलीकडे, डेक्कनवर. आजी देवापुढून उठेना. दुसऱ्या दिवशी तो चिखलाने माखून दारात उभा राहिला. कुठून, कसा आला ते त्याने शेवटपर्यंत धड सांगितलं नाही. आजी आधी त्याच्यावर ओरडली, मग रडली. अंघोळीला पाणी कुठलं? शहराला पाणी देणारं धरणच फुटलेलं. वाड्यातल्या आडावर रांग.

पावसाळी पुणेकर
आजही खडकवासल्याचा क्युसेकचा आकडा वाढला की मंडळी पुलावर हजर. नदीपात्रातला बुटका भिडे पूल बुडालेला बघायचा असतो. मीही त्यातलाच.

झेड ब्रिजवाला
आमच्या कॉलेजच्या दिवसांत लकडी पुलावर दुचाकीला बंदी होती. नव्या माणसाला ते ठाऊक नसायचं आणि मामांना ते नेमकं ठाऊक असायचं. बाहेरगावची नंबरप्लेट दिसली की पावतीपुस्तक बाहेर.

सदाशिव पेठ, मूळ परभणी
एमपीएससीसाठी पुण्यात आले, त्या वर्षी अण्णा पहिल्यांदा माऊलींच्या पालखीबरोबर निघाले. फर्ग्युसन रस्त्याने पालख्या येतात, खंडोजीबाबा चौकातून लकडी पुलावर, मग अलका चौक, लक्ष्मी रोड. अण्णा फोनवर म्हणाले, "पुलाच्या मधोमध उभी राह्य, डाव्या हाताला." म्हणजे त्यांच्या डाव्या की माझ्या, हे विचारेपर्यंत फोन कटला. पुन्हा लागलाच नाही. दिंड्यांमागून दिंड्या, सगळ्यांचे पटके, सगळ्यांचे टाळ. दोन वेळा दुसऱ्याच कुणाला तरी "अण्णा" म्हणून हाक मारली; त्यातल्या एका बाबांनी थांबून डोक्यावर हात ठेवला. शेवटी मला अण्णांनीच हुडकलं. दिंडी थांबत नव्हती, म्हणून मीही चालायला लागले. पिशवीत ज्वारीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी. "अभ्यास चाललाय का?" "चाललाय." रिझल्टचं त्यांनी विचारलं नाही. पार नाना पेठेपर्यंत गेले त्यांच्यासोबत, आणि क्लास बुडाला.

ढोलवाली
विसर्जन मिरवणुकीत अलका चौकातलं वादन संपलं की आम्ही लकडी पुलावर ढोल उतरवायचो. कमरेला दोरीचे वळ, बोटांना चिकटपट्ट्या आणि वडापावसाठी भांडणं. २०२१ मध्ये पुलावरून मेट्रो जाणार, उंच रथ अडणार, म्हणून मंडळांनी आवाज उठवला. आमच्या पथकातही दोन तट पडले. मी मेट्रोकडून, रथ किती उंच करायचा ते आपल्याच हातात आहे की! आता डेक्कनला उतरून सरावाला जाते. तेव्हा सगळ्यात मोठ्याने विरोध करणारा आमचा ताशावाला रोज त्याच डब्यात असतो, आणि जागाही आधी तोच पकडतो.