अनुभव हवेत: अमेरिकेत कम्युनिटी कॉलेजची फी तुम्ही कशी भागवलीत?

हळदीचं पान (न्यू जर्सी)

मंडळाच्या हळदीकुंकवाला एकीने विचारलं, "लेक कुठे जाते?" मी काउंटी कॉलेजचं (म्हणजे इथलं दोन वर्षांचं सरकारी कम्युनिटी कॉलेज) नाव सांगितलं. "हो का, बरंय, घराजवळ आहे," म्हणाली आणि तिळगुळाच्या डब्याकडे वळली. अर्ध्या तासाने तीच मला स्वयंपाकघरात गाठून हळू आवाजात विचारते, "फी माफ होते म्हणतात, खरं का गं?"

हळू आवाजात विचारणारे बरेच दिसतात, म्हणून हा धागा. आधी माझं सांगते.

लेक बारावीत असताना नवऱ्याची नोकरी गेली. फॅफ्सा (केंद्र सरकारचा शैक्षणिक मदतीचा अर्ज) भरला, पण त्यात उत्पन्न दोन वर्षांपूर्वीचं धरतात. म्हणजे पगार जोरात चालू होता तेव्हाचं. पेल ग्रँट (केंद्र सरकारची परत न करायची मदत) शून्य. आता काय करणार म्हणून मी गप्प बसले असते, पण शाळेच्या काउन्सेलर बाई म्हणाल्या, कॉलेजच्या फायनान्शियल एड ऑफिसात परिस्थिती बदलल्याचा वेगळा अर्ज करता येतो, 'स्पेशल सर्कमस्टन्सेस' म्हणून मागा. नोकरी गेल्याचं पत्र, बेकारी भत्त्याचे कागद, शेवटची पे-स्लिप असं सगळं फाइलला लावून गेले. तिथल्या बाईंनी कागद उलटेपालटे केले आणि एकच विचारलं, "सेव्हरन्स किती मिळाला?" म्हणजे नोकरी जाताना कंपनीने दिलेला पैसा. तो मी लिहिलाच नव्हता! लपवायचा म्हणून नव्हे, सुचलंच नाही. तिथेच उभ्या उभ्या नवऱ्याला फोन लावला. सहा आठवड्यांनी नवा आकडा आला आणि पेल सुरू झाली.

न्यू जर्सीत राज्याची कम्युनिटी कॉलेज ऑपॉर्च्युनिटी ग्रँट पण आहे. घरचं करपात्र धरलेलं उत्पन्न ६५,००० डॉलरच्या आत असेल तर ट्यूशन आणि मंजूर फी पूर्ण सुटते. टर्मला निदान ६ क्रेडिट्स घ्यावी लागतात. फॅफ्सानंतर राज्याचे वेगळे प्रश्न येतात, ते अर्धवट सोडू नका.

लिहिताना राज्य कोणतं आणि स्टेटस काय (नागरिक, ग्रीन कार्ड, एच-४ म्हणजे एच-१बी नोकरदाराच्या कुटुंबाचा व्हिसा, एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसा) ते आधी सांगा. नाहीतर वाचणारा भलत्याच आशेवर राहतो.

शेवटचा बाक (टेनेसी)

दोन मुलं, दोन स्टेटस. थोरली पुण्यात जन्मली, एच-४. धाकटा नॅशव्हिलला जन्मला, नागरिक.

इथे टेनेसी प्रॉमिस ही राज्याची योजना आहे, पहिली बॅच २०१५ ची. उत्पन्नाची अट नाही. पेल वगैरे जे काही मिळेल ते वजा जाता उरलेली ट्यूशन राज्य भरतं. पुस्तकं, पेट्रोल आपलं. बदल्यात हायस्कूलच्या शेवटच्या वर्षी १ नोव्हेंबरच्या आत अर्ज, मग फॅफ्सा, सक्तीच्या मीटिंगा आणि दर टर्मला ८ तास समाजसेवा. यातलं एक जरी चुकलं तरी नाव गळतं.

थोरलीच्या वर्गात शिक्षकांनी सगळ्यांना एकदमच अर्ज भरायला बसवलं होतं. ती घरी आली आणि बूट न काढता दारातच विचारलं, "आई, एलिजिबल नॉनसिटिझन म्हणजे आपण ना?" मी म्हटलं, नाही गं, ते ग्रीन कार्डवाले, निर्वासित वगैरे. आपण अजून ग्रीन कार्डच्या रांगेत. "पण आपण टॅक्स भरतो ना?" भरतो. पुढे मला काही बोलता आलं नाही, कुकर झाला होता तो उघडायला गेले.

तिची दोन वर्षं आम्ही खिशातून भरली. मध्येच २१ पूर्ण झाली, एच-४ सुटलं, एफ-१ घ्यावं लागलं. चार वर्षांनी धाकट्याची पाळी आली आणि त्याला सगळं मिळालं. त्याचे ८ तास फूड बँकेत, बीन्सचे डबे तारखेप्रमाणे लावायचे. त्याच्याकडे तेव्हा लायसन नव्हतं, म्हणून त्याला सोडायला-आणायला थोरलीच जायची. पार्किंगमध्ये बसून स्वतःचा अभ्यास करायची.

तक्रार करायला लिहीत नाहीये. एच-४ मुलांच्या आईबापांनो, नववी-दहावीतच आपल्या राज्याचे नियम बघून ठेवा. रेसिडेंट दर (राज्यातल्या रहिवाशांची कमी फी) तरी मिळतो का, ते प्रत्येक राज्यात वेगळं आहे.

कोरडवाहू (कॅलिफोर्निया)

शेवटचा बाक, कुकरचं वाचून थांबले जरा.

मी स्वतः विद्यार्थिनी, वय ४१, ग्रीन कार्ड, एकल पालक. घटस्फोटानंतर अकाउंटिंगला प्रवेश घेतला. माझ्या मागे नागपूरची बीकॉम होती आणि सगळा घोळ तिने घातला.

पेल ग्रँट पहिली पदवी नसलेल्यांसाठी असते. फॉर्ममध्ये प्रश्न येतो, बॅचलर्स आहे का. मला वाटलं, आपली तीन वर्षांची पदवी इथे कोण धरतंय, 'नाही' लिहून मोकळी झाले. त्याच सुमारास मी हुशारी केली: जुने विषय माफ व्हावेत म्हणून मार्कलिस्टांचं इव्हॅल्युएशन करून दिलं. त्यात माझी पदवी इथल्या बॅचलर्सच्या बरोबरीची ठरली. एका खिडकीत "अभिनंदन, इतके क्रेडिट मिळाले", पलीकडच्या खिडकीत "पेल रद्द". माझ्याच वर्गातल्या एकीच्या परदेशी पदवीला 'तीन वर्षांचं शिक्षण, पदवी समान नाही' असा शेरा मिळाला, तिची पेल चालू राहिली. परदेशी पदवी बरोबरीची आहे की नाही हे कागद बघून कॉलेजच ठरवतं. म्हणून स्वतः 'नाही' लिहू नका, आधी विचारा. मला पत्र आलं तेव्हा दोन रात्री झोप नाही, आपण खोटं बोललो असं होतंय की काय म्हणून. ऑफिसातला माणूस मात्र शांत होता, असे दर टर्मला येतात म्हणाला.

वाचवलं कॅलिफोर्निया कॉलेज प्रॉमिस ग्रँटने. जुने लोक तिला अजून बॉग वेव्हर म्हणतात. इथल्या रहिवाशांना युनिटचे (इथे क्रेडिटला युनिट म्हणतात) ४६ डॉलर पडतात (२०१२ पासून तेवढेच आहेत, आश्चर्यच), १२ युनिटचे ५५२. ते सगळे माफ झाले, पदवी आड आली नाही. हेल्थ फीसारखं किरकोळ भरलं. पुस्तकांसाठी एक युक्ती: वेळापत्रकात काही वर्गांपुढे 'झीरो टेक्स्टबुक कॉस्ट'ची खूण असते. मी निम्मे विषय ती खूण बघून निवडले. प्राध्यापक कसे निघतील ते नशीब.

पावशेर (टेक्सास)

भाच्याचा अनुभव, एफ-१. गावाकडच्या एका एजंटाने सांगितलं होतं, एकदा पोचला की स्कॉलरशिपा चिक्कार. फॅफ्सा एफ-१ ला नाहीच. फी नॉनरेसिडेंट दराने. वर्ग चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपर्यंत काम, तेही मिळालं तर. त्याला मिळालं, कॅफेटेरियात. कॉलेजच्या फाउंडेशनची एक छोटी स्कॉलरशिप दुसऱ्या वर्षी लागली, कारण त्या अर्जात स्टेटसची अट नव्हती आणि निबंध मागितला होता, जो बाकी पोरं लिहायचा कंटाळा करतात. बस, एवढंच.

ऋणानुबंध_२००५ (इलिनॉय)

नमस्कार, मी विद्यार्थी, नागरिक. मराठी टाइप करायला आई मदत करतेय, चुका तिच्या. (नाही हं. — आई)

माझं वाचून कोणीतरी वाचेल म्हणून लिहितो. पहिल्या टर्मला पूर्ण पेल होती, वर्षाला जास्तीत जास्त ७,३९५ आहे, त्यातली अर्धी. फी कापून उरलेले पैसे माझ्या खात्यात आले. मी गाडीचं ट्रान्समिशन दुरुस्त केलं. मग आजोबा गेले, मन लागेना, सहाव्या आठवड्यात मी सगळे वर्ग सोडून दिले. ऑनलाइन, चार क्लिक. कोणालाच विचारलं नाही.

टर्म १५ आठवड्यांची. ६० टक्के टर्म व्हायच्या आत सगळं सोडलं तर तुम्ही जेवढे दिवस राहिलात तेवढ्याच हिश्शाची मदत तुमची. मी ४० टक्के राहिलो. बाकीच्यातला वाटा कॉलेजने सरकारला परत केला आणि तेवढं बिल माझ्या नावावर चढवलं. बिल भरेपर्यंत पुढच्या टर्मची नोंदणी बंद. ट्रान्समिशन काही परत देता येत नाही.

वर सॅपची (अभ्यासात पुरेशी प्रगती हवी, ही अट) अडचण: साधारण २.० जीपीए आणि घेतलेल्या क्रेडिट्सपैकी ६७ टक्के पूर्ण, असं नसेल तर मदत थांबते. मी अपील केलं, आजोबांच्या मृत्यूचा दाखला भारतातून मागवला, तो मराठीत होता, त्याचं भाषांतर आईने केलं. मान्य झालं. आणखी तीन आठवडे थांबून नववा आठवडा ओलांडला असता तर काय झालं असतं, तो हिशेब मी मनात खूप वेळा केलाय.

हळदीचं पान

आईला सांग, चुका एकही नाहीत. आणि बाकीच्या पोरांनी हे फ्रिजवर लावा: वर्ग सोडण्याआधी फायनान्शियल एडला एक फोन.

हिशेबनीस (न्यू जर्सी)

सगळे ग्रँटबद्दल बोलतायत, टॅक्स क्रेडिट (करातून थेट वजा होणारी सूट) कोणी काढलं नाही, म्हणून चोंबडेपणा करतो.

अमेरिकन ऑपॉर्च्युनिटी क्रेडिट वर्षाला २,५०० डॉलरपर्यंत, पहिल्या २,००० खर्चाचे पूर्ण आणि पुढच्या २,००० चे २५ टक्के. कर शून्य असला तरी यातले १,००० पर्यंत हातात येऊ शकतात. चारच वर्षं, निदान हाफ टाइम शिक्षण, आणि संयुक्त रिटर्नला १,६०,००० च्या वर ते कमी होत जातं. पुस्तकं कॉलेजबाहेरून घेतली तरी धरतात, पावत्या ठेवा.

आता गंमत. फी ४,००० आणि पेल ४,००० असेल तर लोक म्हणतात फी भरलीच नाही, क्रेडिट कुठलं. पण पेल राहण्या-खाण्यालाही चालते. ती खर्चाला वापरली असं दाखवून मुलाच्या उत्पन्नात धरली, तर फी क्रेडिटला मोकळी होते. मुलाचं बाकी उत्पन्न थोडं असेल तर ते सगळं स्टँडर्ड डिडक्शनमध्येच (ठरावीक करमुक्त रकमेत) जिरतं. फक्त ट्यूशनसाठीच दिलेल्या राज्याच्या ग्रँटला हे चालत नाही. आपल्या रिटर्नवर दोन्ही बाजूंनी मांडून बघा.

एखादाच वर्ग घेणाऱ्या बायकांसाठी लाइफटाइम लर्निंग क्रेडिट आहे, नवरा-बायको करासाठी रेसिडेंट म्हणून रिटर्न भरत असतील तर. खर्चाच्या २० टक्के. आमच्या ओळखीत तिघी वर्षानुवर्षं सोडून देत होत्या.

दुपारचा चहा (नॉर्थ कॅरोलिना)

माझा प्रश्न-कम-कबुली. पुण्यात आमचा एक फ्लॅट आहे, सासऱ्यांच्या नादाने घेतलेला. फॅफ्सात तो दाखवायचा? नवरा म्हणतो, अमेरिकेला काय कळतंय.

हिशेबनीस

दाखवायचा. राहतं घर सोडून बाकी सगळी मालमत्ता, देश कुठलाही असो. आजची किंमत वजा कर्ज, डॉलरमध्ये. भाडं येत असेल तर ते तुमच्या अमेरिकन रिटर्नवर असायला हवंच. उत्पन्न ६०,००० च्या खाली आणि रिटर्न साधं असेल तर मालमत्तेचा भाग बहुधा मोजलाच जात नाही, पण भाड्याचं शेड्यूल जोडलं की रिटर्न साधं राहत नाही. नवऱ्याला सांगा, खाली सही असते.

दुपारचा चहा

नवरा धागा वाचून बाल्कनीत गेलाय.

मोगरा (क्वीन्स)

ग्रीन कार्ड. मुलगा क्युनीच्या (न्यूयॉर्क शहराचं सरकारी विद्यापीठ) कम्युनिटी कॉलेजात, असॅप नावाच्या प्रोग्रॅममध्ये. २००७ पासून चालू आहे. मदतीनंतर उरलेली ट्यूशन माफ, पुस्तकांना मदत, बस-सबवेचं भाडं. फुल टाइम शिकायचं आणि नेमून दिलेल्या अॅडव्हायझरला भेटत राहायचं, ही अट. पोरगा भाड्यासाठी गेला होता, टिकला तो अॅडव्हायझरमुळे.

रयतेचा (टेक्सास)

मी साताऱ्यात 'कमवा आणि शिका'त शिकलो. कर्मवीरांची योजना, सकाळी शेतावर काम, मग कॉलेज. मुलाला इथे वर्क-स्टडी (सरकारी मदतीतली अर्धवेळ नोकरी) लागली, कॉलेजच्या ट्यूटरिंग लॅबमध्ये. मी आनंदाने त्याला माझी खुरपी-फावड्याची गोष्ट सांगायला घेतली, तर म्हणतो, "बाबा, माझी लॅब एसी आहे." असो.

कामाची गोष्ट: २०२४-२५ च्या आधीच्या फॅफ्सात वर्क-स्टडीत रस आहे का विचारायचे, तिथे आम्ही 'हो' केलं होतं. पैसे एकदम मिळत नाहीत, तासांप्रमाणे पगार येतो. आणि ही कमाई पुढच्या फॅफ्साच्या हिशेबातून वजा होते, साध्या नोकरीची होत नाही. जागा लवकर भरतात. माझा मुलगा ऑगस्टमध्ये गेला तेव्हा दोनच उरल्या होत्या, लॅब आणि पार्किंग ऑफिस.

नवीन आयडी (कॅलिफोर्निया)

आजवर फक्त वाचत होते, आज आयडी काढला. ग्रीन कार्ड, औरंगाबादची बीकॉम, कोरडवाहूंसारखीच. उद्या सकाळी ९ वाजता ऑफिसात जाते आहे. मार्कलिस्ट मूळ न्यायची की झेरॉक्स चालते?

कोरडवाहू

दोन्ही घेऊन जा. मूळ दाखव, पण हातातून सोडू नकोस. इव्हॅल्युएशनचा अर्ज मात्र पेलचं विचारून झाल्याशिवाय भरू नकोस. खिडकी क्रमांक तीनला रांग लांब असते, पण तिथला माणूस बरा आहे.

नवीन आयडी

आमच्या कॉलेजात दोनच खिडक्या आहेत.