फाँट, टंक की वळण?

संध्यावर्ग

नागपुरात महाल भागात संध्याकाळी डीटीपीचा वर्ग घेतो. दहा-बारा मुलं येतात, बहुतेकांना लग्नपत्रिका आणि फ्लेक्सची कामं करायची असतात. पहिल्याच तासाला फळा भरतो: टायपोग्राफी, टाइपफेस, फाँट, लेडिंग, कर्निंग, ट्रॅकिंग. मुलं निमूट उतरवून घेतात. आठवड्यानं 'टाइपफेस आणि फाँट यांत फरक काय?' असं विचारलं की सगळे खाली बघतात. चूक त्यांची नाही. शब्दाचा अर्थच कुठून धरावा ते कळत नाही. कोशांत पाहिलं तर 'टंक' आणि 'मुद्राक्षरकला' मिळाले. पहिला सरकारी परीक्षेची आठवण करून देतो (मराठी टंकलेखन, ३० शब्द प्रतिमिनिट), दुसरा उच्चारेपर्यंत तास संपतो. तोंडात बसतील असे शब्द आहेत का?

हलन्त

टंकावर अन्याय करू नका. संस्कृतात टंक म्हणजे दगड घडवायची छिन्नी, आणि नाण्यावरचा शिक्काही. छिन्नीतून आपली 'टाकी' आली, जिचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही ती. शिक्क्यातून टंकशाला, म्हणजे टाकसाळ. आता छापायचा टाइप कसा घडायचा ते बघा. पोलादी कांबीच्या टोकावर अक्षर उलटं कोरायचं, तो ठसा तांब्यावर ठोकून खळगा पाडायचा, मग त्या खळग्यावरून शिशाच्या मिश्रधातूत हवी तितकी अक्षरं ओतून घ्यायची. कोरणं आलं, ठोकणं आलं. शब्द बेतून शिवल्यासारखा बसतो. त्याच्यामागे 'लेखन' लागलं आणि तो कचेरीत जाऊन बसला, एवढंच.

'फाँट'चं मूळ फ्रेंच आहे, वितळवणं-ओतणं या अर्थाच्या क्रियापदातलं. म्हणजे ओतून काढलेला संच.

इतवारीचा भाऊ

कायले कोश उघडता राजेहो. फ्लेक्सवाल्याले 'टंक बदल' म्हनान तर थो तुमाले खुर्ची देईन अन् पानी पाजीन, ऊन लागलं समजून. आमच्याकडं गिऱ्हाईक येते अन् म्हन्ते, 'भाऊ, थो लपेटेवाला अक्षर टाक.' झालं काम.

जुना जुळारी

भाऊ, तुमच्या लपेटेवाल्याला आमच्या प्रेसात 'वळण' म्हणत. ऑफसेट येईपर्यंत नागपुरातच खिळे जुळवले मी, म्हणून बोलतो. एकेक टाइप म्हणजे खिळा, आणि ते जुळवणारे आम्ही जुळारी. खणाखणांची लाकडी पेटी म्हणजे केस. हाच तुमच्या मुलांचा प्रश्न आहे, सर. वळण, म्हणजे तुमचा टाइपफेस, ही अक्षराची ठेवण, ती माणसाच्या हस्ताक्षरातही असते. फाँट म्हणजे त्या वळणाचा एका मापाचा, एका जाडीचा भरलेला केस. पायका म्हणजे १२ पॉइंटचा केस वेगळा, ग्रेट म्हणजे १८चा वेगळा, जाड टाइपाचा आणखी वेगळा. वळण एकच, केस तीन. संगणकात एकाच फाइलमधून वाटेल ते माप निघतं, पेटी उचलावी लागत नाही, म्हणून हा फरक पुसट झाला. आम्हाला तो पाठीनं कळत असे. शिशानं भरलेला केस उचलून बघा एकदा.

दुसरं, तुमची मुलं बहुधा 'लीडिंग' म्हणत असतील. ते पुढारीपण नव्हे, ते शिसं आहे, म्हणून 'लेडिंग'. दोन ओळींच्या मधात शिशाची पातळ पट्टी सरकवायची. 'लेड टाक' हा आमच्याकडचा रोजचा शब्द. मालक 'पान मोकळं कर' म्हणाला की लेड टाकायचं, एक ओळ पुढच्या पानावर सांडत असली की काढून घ्यायचं.

आणि मराठीला लेड जास्त लागतं. वरच्या ओळीतला 'कृ' खाली लोंबतो, खालच्या ओळीतला 'र्कै' वर चढतो, दोघांची डोकी आपटतात. पान मांडायच्या बऱ्याच सॉफ्टवेअरांत आपोआप येणारं ओळींचं अंतर अक्षराच्या मापाच्या १२० टक्के असतं, म्हणजे १२ पॉइंटला १४.४. ते रोमन लिपीच्या हिशेबानं ठरलेलं. मी नातवाला १२ला १७-१८ ठेवायला लावतो. त्याला ते जुनाट वाटतं. वाचताना मात्र त्याचाच डोळा अडखळत नाही.

संध्यावर्ग

काका, 'वळण' उद्याच फळ्यावर जातो. आता कर्निंग आणि ट्रॅकिंग. इथं माझी एक फजिती सांगतो. एका विद्यार्थ्यानं वाढदिवसाच्या फ्लेक्सवर अक्षरं ऐटीत दिसावीत म्हणून ट्रॅकिंग, म्हणजे सगळ्याच अक्षरांमधलं अंतर, भरपूर वाढवलं. ते माझ्या नजरेखालून गेलं, मीच 'पाठव' म्हणालो. लागल्यावर बघतो तर 'वाढदिवस'ची शिरोरेषा चार ठिकाणी तुटलेली. चौकात लोक 'वा, ढ, दि, व, स' असं बालवाडीसारखं वाचत होते.

हलन्त

कारण ट्रॅकिंग ही कल्पना सुट्या अक्षरांची आहे. रोमन अक्षरं एकमेकांशेजारी उभी असतात, त्यांना सगळ्यांनाच थोडं सरकवता येतं. आपली अक्षरं दोरीवरच्या कपड्यांसारखी एका रेषेला टांगलेली. चिमट्यांमधलं अंतर वाढवायचं तर दोरीही लांबायला हवी, आणि बहुतेक सॉफ्टवेअर दोरी लांबवत नाही, कापतं. मराठी शीर्षक मोकळं हवं असेल तर रुंद वळण निवडावं किंवा माप वाढवावं. शब्दच हवा असेल तर 'दाट-विरळ' घ्या, फणीचा.

कर्निंग वेगळं. ते जोडीपुरतं असतं: रोमनमधल्या 'ए' आणि 'व्ही'च्या मोठ्या अक्षरांसारख्या तिरक्या जोडीत पोकळी दिसते, ती भरायला एकाला जरा जवळ ओढायचं. मुळात 'कर्न' म्हणजे खिळ्याच्या अंगाबाहेर आलेला अक्षराचा भाग, जो शेजाऱ्यावर टेकतो. या अर्थानं कर्न आपल्याकडे रोमनपेक्षा जास्त. वेलांट्या, मात्रा, रफार, सगळे शेजाऱ्याच्या अंगणात.

जुना जुळारी

आणि तेच आधी तुटायचे. प्रूफात अर्धी वेलांटी दिसली की खिळा बदला.

इतवारीचा भाऊ

कर्निंगले 'लगट' म्हना. पोट्टे इसरनार नाहीत.

संध्यावर्ग

भाऊ, वर्गात मुलीही आहेत. तरी विचार करतो.

ऱ्हस्वदीर्घ

एक मुद्दा राहिला, आणि नागपुरात तो राहून चालणार नाही: ल आणि श. हे शहर १९५६पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी होतं, इथं पाटीवर हिंदी आणि मराठी शेजारी नांदतात. परिणामी मराठी पत्रिकेत हिंदी वळणाचा ल सर्रास येतो, आणि छापणारा म्हणतो, 'टाइप तर बरोबर केलाय.' तो खोटं बोलत नाही. युनिकोडात दोन्हींचा संकेतांक एकच, आकार फाँट ठरवतो. काही फाँटांत दोन्ही आकार आत असतात. मजकुराची भाषा 'मराठी' निवडली, आणि सॉफ्टवेअरला ती समजत असली, तर आपला ल बाहेर येतो. मुलांना हे पहिल्या तासाला सांगा, लेडिंगच्याही आधी.

शब्दांचं म्हणाल तर राज्य शासनाच्या २००९च्या वर्णमालेच्या निर्णयात या दोघांना सुरेख विशेषणं आहेत: 'पाकळीयुक्त ल' आणि 'देठयुक्त श'. युक्त काढून टाका, पाकळीचा ल, देठाचा श. सरकारी कागदात इतकं डोळ्यांना दिसणारं मराठी क्वचित सापडतं. (पारिभाषिक शब्दांचा मोठा कारखाना एके काळी नागपुरातच होता. कोशकार डॉ. रघुवीर इथं असताना त्यांनी शासनासाठी शब्द घडवले. त्यातले किती तोंडात बसले हा वेगळा धागा होईल.)

संध्यावर्ग

पाकळी आणि देठ घेतले. इटालिकला 'तिरपा' चालेल?

हलन्त

मराठीसाठी तिरपाच बरोबर, कारण आपल्याकडे तो नुसता तिरपाच असतो. खरं इटालिक हे वेगळं वळण. १५०१ साली व्हेनिसमध्ये आल्दुस मानुतिउसनं हस्ताक्षरावरून घेतलेल्या टाइपात पुस्तक छापलं, तिथून ते सुरू झालं. त्यात रोमनचा छोटा 'ए'सुद्धा आकार बदलतो. देवनागरीत संगणक उभे दंड ढकलतो आणि शिरोरेषा आडवीच राहते, अक्षर पावसाळ्यातल्या कुंपणासारखं कलतं. मी पुस्तकाचं नाव तिरपं करण्याऐवजी अवतरणचिन्हांत ठेवतो.

संध्यावर्ग

काल वर्ग झाला. 'वळण' लगेच बसलं. एकीनं पुढचा प्रश्न टाकला, तो इथं आणतोय: 'सर, ठळक हे वेगळं वळण का?'

जुना जुळारी

वळण तेच, केस वेगळा.

इतवारीचा भाऊ

अन् थो लपेटेवाला?

जुना जुळारी

ते वळण, भाऊ.